शुगरच्या गोळीचे जोडधंदे

आत्याने गोळ्यांची पट्टी काउंटरवर आपटली. "हे घे तुझं परत. खराब झाल्यात गोळ्या. बोंबलाचा वास येतोय."

आत्या पक्की शाकाहारी, पण लग्नानंतर तीस वर्षं रत्नागिरीत काढल्यामुळे बोंबलाचा वास तिला झोपेतही ओळखता येतो. मी एक गोळी फोडून हुंगली. वास होता. तारीख मात्र अजून दीड वर्ष पुढची होती. मेटफॉर्मिनला, म्हणजे या शुगरच्या गोळीला, असा वास येतोच. अमाइन नावाच्या रसायनांचा हा प्रताप. मासळीला जो वास येतो तोही याच कुळातल्या रसायनांचा. कुणाच्या गोळीला जास्त येतो, कुणाच्या गोळीला वरच्या लेपामुळे कमी. वास आला म्हणजे गोळी बिघडली असं नाही.

मी औषधांच्या दुकानात बसते. मेटफॉर्मिन हे नाव घेऊन कुणी येत नाही. "शुगरची पांढरी द्या", "ती मोठी, घशात अडकते ती" असं सांगतात. एका गोळीची किंमत कटिंग चहापेक्षा कमी. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचं सांगितलं, आणि टाइप २ मधुमेह निघाला की पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा याच गोळीची असते. तरीही शुगर उतरवण्यापलीकडे ती शरीरात काय काय उद्योग करते, हे रोज घेणाऱ्यांनाही माहीत नसतं. त्यातले काही जोडधंदे फायद्याचे आहेत, एक चांगलाच गोत्यात आणणारा आहे, आणि दोन-तीन नुसतीच हवा आहे.

मुळात ही गोळी सरळ वाटेने आलेलीच नाही. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं एक रोपटं उगवतं. जुने वैद्य ते औषधात वापरत, आणि मेंढ्यांनी ते जास्त खाल्लं तर मेंढ्या मरत. त्यातल्या ग्वानिडीन जातीच्या रसायनांनी साखर उतरते हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं, पण ती विषारी. १९२२ मध्ये डब्लिनच्या वेर्नर आणि बेल यांनी त्याच कुळातलं सौम्य मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार केलं. सशांची साखर त्याने उतरते हे १९२९ मध्ये दिसलं, पण तोवर इन्सुलिनची इतकी वाहवा सुरू होती की या पांढऱ्या भुकटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे मलेरियाच्या औषधांच्या शोधात हे कूळ पुन्हा वर आलं. फिलिपिन्समधले डॉक्टर युसेबिओ गार्सिया फ्लूच्या रुग्णांना मेटफॉर्मिन देत होते; त्याने साखरही उतरते असं त्यांनी १९५० च्या सुमारास नोंदवलं. ती नोंद फ्रान्समधल्या ज्याँ स्टर्न यांच्या वाचनात आली. त्यांनी मधुमेहींवर वापरून १९५७ मध्ये निष्कर्ष छापले आणि औषधाला नाव दिलं ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा. म्हणजे शुगर उतरवणं हाच एके काळी या गोळीचा जोडधंदा होता. मूळ धंदा बुडाला आणि जोडधंद्यावर घर चाललं.

नाव मात्र चुकलं. ही गोळी साखर खात नाही.

दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "रात्री चतकोर भाकरीच खाल्ली, तरी सकाळी उपाशीपोटी शुगर १६० कशी?" साखर फक्त ताटातून येते असं आपण धरून चालतो. खरं तर रात्रभर यकृत, म्हणजे लिव्हर, साखर तयार करून रक्तात सोडत असतं, नाहीतर झोपेत मेंदू उपाशी राहील. रक्तात इन्सुलिन पुरेसं दिसलं की यकृत हात आखडता घेतं. टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना भट्टी पेटवून बसतं. मेटफॉर्मिन ती भट्टी मंद करते. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ती थोडी ढिली करते, आणि नवी साखर बनवायला लागणारं इंधन यकृताला परवडेनासं होतं. स्वादुपिंडाला दामटून जास्त इन्सुलिन काढायला ती लावत नाही, म्हणून एकटी घेतली तर शुगर एकदम खाली जाऊन घाम फुटण्याचा प्रकार सहसा होत नाही. बारीकसारीक तपशिलांवर शास्त्रज्ञ अजून भांडतात. साठहून अधिक वर्षं वापरात असलेल्या औषधाबद्दल हे ऐकायला गमतीचं वाटतं.

पहिला मोठा आश्चर्याचा धक्का ब्रिटनमधून आला. तिथे मधुमेहींचा एक लांबलचक अभ्यास झाला आणि १९९८ मध्ये त्याचे आकडे बाहेर आले. वजन जास्त असलेल्या ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिलं होतं. दुसऱ्या गटाला मुख्यतः पथ्यावर ठेवलं होतं. साधारण १० वर्षांनंतर मेटफॉर्मिनच्या गटात हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी दिसले. गंमत अशी की शुगर तितकीच उतरवणाऱ्या इतर गोळ्यांनी आणि इन्सुलिननेही हृदयाला तेवढा फायदा झाला नाही. म्हणजे हृदयाला झालेला फायदा केवळ शुगर उतरल्यामुळे नव्हता. गट लहान होता, त्यामुळे आकड्यांवर आजही शंका घेतल्या जातात. पण मेटफॉर्मिन पहिल्या चिठ्ठीवर गेली ती या अभ्यासामुळे.

मग प्रश्न आला: मधुमेह अजून झालेला नाही, नुसता उंबरठ्यावर आहे, त्यांनी घेतली तर? अमेरिकेत ३,२३४ लोकांवर हे पाहिलं गेलं. २००२ चा निकाल: गोळीने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आणि चालणं-खाणं सुधारल्याने ५८ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईत ५३१ जणांवर असाच अभ्यास झाला. दिवसाला फक्त ५०० मिलिग्रॅम, तरी गोळीने २६ टक्के आणि जीवनशैलीने २८ टक्के घट. दोन्ही एकत्र केल्यावर? तेच २८ टक्के. "चालतेही आणि गोळीही घेते, म्हणजे डबल फायदा" असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. त्यांना तो आवडत नाही.

आता पोटाकडे येऊ, कारण या गोळीची खरी करामत तिथेच दिसते. सुरुवातीला जुलाब लागतात, मळमळतं, तोंडाला धातूसारखी चव येते. जेवणासोबत घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकांचं ठीक होतं. नाहीच झालं तर डॉक्टर नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी देतात. ती तोडून किंवा चावून खायची नाही. तिच्यावरून एक गृहस्थ एकदा हैराण होऊन आले होते: "मॅडम, गोळी जशीच्या तशी शौचातून पडतेय. पैसे गटारात चाललेत." पडते ती रिकामी टरफलं. औषध आतल्या आत झिरपून गेलेलं असतं.

आतड्याच्या भिंतीत मेटफॉर्मिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी साठते. कॅन्सरच्या तपासासाठी पेट स्कॅन करतात, त्यात जो भाग साखर जास्त ओढतो तो चकाकतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आतडं असं काही चकाकतं की खरी गाठ असली तर झाकली जावी. म्हणून स्कॅनच्या आधी ४८ तास गोळी थांबवायला सांगतात. २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. आतड्याच्या खालच्या टोकाला सुटणारी, रक्तात फारशी न उतरणारी मेटफॉर्मिन करून पाहिली, तरी शुगर जवळपास तितकीच उतरली. सगळं यकृतातच घडतं, या समजाला तिथे तडा गेला.

आतड्यातल्या जिवाणूंची कथा तर आणखी बहारीची. चीनमधल्या एका गटाने आणि स्वीडनमधल्या दुसऱ्याने "मधुमेहींच्या पोटातले जिवाणू असे असतात" म्हणून याद्या छापल्या. याद्या जुळेनात. २०१५ मध्ये तिसऱ्या गटाने हिशेब लावला तेव्हा लक्षात आलं की जे वेगळेपण मधुमेहाचं म्हणून मिरवलं जात होतं, त्यातलं बरंचसं मेटफॉर्मिनने केलेलं होतं. रोग मोजायला गेले आणि औषध मोजून आले.

भूक थोडी मंदावते, दोन-अडीच किलो वजन उतरतं, हेही याच पोटाच्या खात्यावर. २०२० च्या सुमारास कळलं की ही गोळी जीडीएफ १५ नावाचं एक प्रथिन वाढवते आणि ते मेंदूच्या मागच्या भागाला "आता पुरे" असा निरोप देतं. डोहाळ्यांतल्या भयंकर उलट्यांमागेही हेच प्रथिन असल्याचं पुढे दिसलं. वजन घटवायच्या नव्या महागड्या इंजेक्शनांशी मात्र तुलना नको. हा मामला फार किरकोळ आहे.

आणखी एक गिऱ्हाईक आमच्याकडे नेहमी येतं: कॉलेजातल्या मुलीची आई. चिठ्ठी हातात, आवाज एकदम खाली. "अहो, हिला शुगर झालीय का? मोबाइलवर बघितलं तर ही डायबेटीसची गोळी आहे म्हणे." नाही, मुलीला पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशांचा एक विकार आहे. त्यात पुष्कळदा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग इन्सुलिन जास्त तयार होतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी हार्मोन वाढवायला भाग पाडतं. पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते. मेटफॉर्मिनने इन्सुलिन खाली आलं की पाळी रुळावर यायला मदत होते. पण मूल हवं असणाऱ्यांसाठी ती हुकमाचा एक्का नाही. अमेरिकेत ६२६ स्त्रियांवरच्या २००७ च्या अभ्यासात बीजांड सुटण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेनने २२ टक्क्यांना मूल झालं, एकट्या मेटफॉर्मिनने ७ टक्क्यांना. उलट ज्यांना मूल नको आहे त्यांनी "आपल्याला कुठे राहतंय" या भरवशावर राहू नये. गोळीने बीजांड सुटायला लागलं की दिवसही राहू शकतात.

आता तो गोत्यात आणणारा जोडधंदा.

गेल्या पावसाळ्यात आत्या म्हणायला लागली, "रात्री तळपाय असे जळतात की फरशीवर टेकवून झोपावं लागतं." मुंग्या, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं, जिभेची साल गेल्यासारखी. सगळ्यांनी एकच निदान केलं: शुगरने नसा गेल्या. मीही केलं. वीस वर्षं गोळ्या विकून मलाही हेच सुचलं, याची मला आजही लाज वाटते. तिची शुगर त्या वर्षी कधी नव्हे इतकी छान होती. मग नसा आत्ताच का जाव्यात, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. शेवटी तिच्या डॉक्टरांनी बी १२ हे जीवनसत्त्व तपासलं. जवळपास तळाला.

मेटफॉर्मिन आणि बी १२ यांचं वाकडं आहे हे नवीन नाही. बेलफास्टच्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच ते लिहून ठेवलंय. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात बी १२ शोषलं जातं, आणि त्यासाठी तिथे कॅल्शियम हजर लागतं. मेटफॉर्मिन नेमकी त्याच कामात लुडबुड करते, असं मानलं जातं. नेदरलँड्समध्ये ३९० मधुमेहींना चार वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन किंवा नकली गोळी देऊन पाहिलं. मेटफॉर्मिनवाल्यांचं बी १२ तुलनेने १९ टक्क्यांनी खाली गेलं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये जाहीरच केलं की हा दुष्परिणाम 'नेहमी आढळणारा' समजा. दहांतल्या एकापर्यंत होऊ शकतो.

डच माणसाच्या पदरात मुळात मासे, अंडी, चीज आहे. त्यातून १९ टक्के गेले तरी त्याचं भागतं. आपलं काय? पुण्यात आणि आसपास ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी झाली होती. २००६ मध्ये छापून आली. त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी १२ कमी होतं, आणि तेही कुठल्याही गोळीशिवाय. बी १२ भाजीत नाही, डाळीत नाही, बाजरीत नाही. ते मासे, मटण, अंडी यांत आहे आणि थोडंफार दुधा-दह्यात. आत्याचं दूध म्हणजे दिवसभरातल्या चार कप चहातलं. आधीच रिकामा डबा, त्यात गोळी भोक पाडते. वर तिची आणखी एक सवय होती: गेली पाच-सहा वर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल. अन्नातलं बी १२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ही कॅप्सूल तेच आम्ल बंद करते. दोन्ही औषधं माझ्याच दुकानातून जात होती.

ही कमतरता लवकर दिसत नाही, कारण यकृतात बी १२ चा काही वर्षांचा साठा असतो. गोळी सुरू केल्यावर कित्येक वर्षांनी पाय जळायला लागतात, तेव्हा दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. शुगरनेही पाय जळतात, बी १२ नेही जळतात, आणि माणूस मधुमेही म्हटल्यावर दोष शुगरच्या माथी जातो. फरक एवढाच की बी १२ ची भर वेळेवर घातली तर नसा सावरू शकतात. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. शिवाय बी १२ कमी पडून रक्त कमी झालं तर तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडाही खोटा, चढा येऊ शकतो. मग त्या खोट्या आकड्यावरून मेटफॉर्मिनचाच डोस वाढतो.

माशाच्या वासाची गोळी माशातलं जीवनसत्त्व पळवते, हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "वास तरी आधीच सांगत होता." तिला इंजेक्शनं झाली, आता महिन्याला एक आहे. मुंग्या गेल्या, जळजळ निम्म्यावर आली. मेटफॉर्मिन चालूच आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण असे लेख वाचून लोक परस्पर गोळी बंद करतात आणि पंधरा दिवसांनी शुगर तीनशेवर घेऊन येतात. गोळी सोडायची गरज नाही. डॉक्टरांना एवढंच म्हणायचं: "इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेतोय, एकदा बी १२ बघायचं का?"

किडनीचं थोडक्यात. शरीर या औषधाची मोडतोड करत नाही. जशी गिळली तशी ती लघवीवाटे बाहेर जाते. म्हणून किडनी मंदावली तर ती रक्तात साचते आणि क्वचित रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. या गोळीची बहीण, त्याच कुळातली फेनफॉर्मिन, याच कारणाने सत्तरच्या दशकात अमेरिकेतून हद्दपार झाली. किडनी किती काम करते हे सांगणारा ईजीएफआर नावाचा आकडा रिपोर्टात असतो. तो ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन देत नाहीत. हगवण-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायचा असेल, तर चालू ठेवायची की थांबवायची हे आधी विचारून घ्यावं. जाता जाता: लघवीवाटे गेलेली ही गोळी सांडपाण्यातून पुढे जाते. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या पाण्यात ती सापडली, आणि प्रयोगशाळेत तशा पाण्यात वाढवलेल्या नर माशांमध्ये मादीची लक्षणं दिसली. मासळीशी या गोळीचं काहीतरी जुनं देणं असावं.

राहिली हवा. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी लिहिलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना कॅन्सर कमी होतो. २०१४ मध्ये तर ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने सांगितलं की मेटफॉर्मिनवरचे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगतात. बातम्यांना ऊत आला. असल्या अभ्यासांत एक जुनी फसगत लपलेली असू शकते, ती आपल्याकडच्या उदाहरणाने चटकन कळेल. समजा, मी गावातल्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या आणि पाहिलं की ज्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं ते, न झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त जगले. म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाने आयुष्य वाढतं? अहो, ऐंशी पार केल्याशिवाय ते होतच नाही! "दहा वर्षं मेटफॉर्मिन घेतलेले" या गटात शिरायलाही आधी दहा वर्षं जगावं लागतं. ही आणि अशा इतर चुका काढून टाकल्या की कॅन्सरवरचा फायदा बराचसा विरघळतो. स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून मेटफॉर्मिन किंवा नकली गोळी दिली. २०२२ मध्ये निकाल आला, आजार परतण्यात काही फरक नाही. त्याच वर्षी डेन्मार्कच्या संशोधकांनी दीर्घायुष्याचा तो हिशेब पुन्हा मांडून पाहिला. जुळला नाही.

विषय संपलेला मात्र नाही. २०२४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नर माकडांना ४० महिने मेटफॉर्मिन दिली आणि त्यांचे मेंदू सुमारे सहा वर्षांनी तरुण दिसल्याचा दावा केला. न्यूयॉर्कचे संशोधक निर बार्झिलाय माणसांवर मोठा प्रयोग करायला वर्षानुवर्षं निधी गोळा करताहेत. पेटंट कधीच संपलेल्या स्वस्त गोळीवर पैसे लावायला कुठली कंपनी येणार? लहान पण नेटके निकाल मला जास्त भरवशाचे वाटतात. करोना झाल्यावर आठवड्याच्या आत मेटफॉर्मिन सुरू केलेल्या जाड लोकांमध्ये लाँग कोविड १०.४ ऐवजी ६.३ टक्क्यांना झाला. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या १०७ जणांवर प्रयोग झाला. सहा महिन्यांत गोळीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. १०७ हा आकडा छोटा आहे, म्हणून अजून कुणी गुडघ्यासाठी मागायला येऊ नये.

पण येतात. परवा एक जिमवाला मुलगा आला, पंचविशीचा, दंड शर्टात मावेनात. चिठ्ठी नाही. "मेटफॉर्मिन द्या. म्हातारपण लांबतं म्हणे, पॉडकास्टवर ऐकलं."

मी त्याला चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटलं, आणि एक अभ्यास सांगितला. पासष्टीपुढच्या लोकांकडून १४ आठवडे वजनं उचलून घेतली. अर्ध्यांना मेटफॉर्मिन, अर्ध्यांना नकली गोळी. नकली गोळीवाल्यांचे स्नायू जास्त वाढले.

"म्हणजे बॉडी कमी होते?"

"तुझ्या वयाच्यांवर नाही केलेला हा अभ्यास. पण त्यांची कमी वाढली."

तो क्षणभर थांबला, आरशाकडे एकदा पाहिलं, आणि प्रोटीनचा डबा घेऊन गेला.